ऊर्जावान आयनमापक

पृथ्वीच्या चुंबकावरणातील साधारण 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ते 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे आयन मोजणारे उपग्रहावरील उपकरण. चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती बळावणारा वलयप्रवाह मुख्यतः अशाच आयनांचा असतो. त्यांची नुसती मोजदाद पुरत नाही. ऑक्सिजनचा एकभारित आयन पृथ्वीच्या आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, आयनांनी भरलेल्या थरातून) आलेला असतो, तर हीलियमचा द्विभारित आयन बहुधा सौरवाऱ्यातून. म्हणून आयन ओळखणे हेच या उपकरणाचे खरे काम.

कोलिमेटरमधून (ठरावीक दिशेचेच आयन आत सोडणाऱ्या अरुंद मार्गातून) आत आलेला आयन कार्बनचा अतिपातळ पापुद्रा भेदतो. त्या वेळी पापुद्र्यातून उडालेले इलेक्ट्रॉन मायक्रोचॅनेल प्लेटवर (एका इलेक्ट्रॉनचे अनेक इलेक्ट्रॉन करून संकेत देणाऱ्या, सूक्ष्म छिद्रांच्या चकतीवर) पडतात आणि घड्याळ सुरू होते. आयन काही सेंटीमीटर पुढे पोहोचला की ते थांबते; हा मधला वेळ म्हणजे उड्डाणकाळ. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन 7 सेंटीमीटर अंतर सुमारे 16 नॅनोसेकंदांत कापतो, तेवढ्याच ऊर्जेचा ऑक्सिजन 64 नॅनोसेकंदांत. सिलिकॉन शोधकाने ऊर्जा सांगितली की वस्तुमान निघते. भार मात्र कळत नाही. त्यासाठी प्रवेशालाच वक्र पट्ट्यांचा, ऊर्जा आणि भार यांच्या ठरावीक गुणोत्तराचेच आयन आत सोडणारा स्थिरविद्युत विश्लेषक लागतो. 1984 साली सोडलेल्या ॲम्प्टे मोहिमेच्या सीसीई उपग्रहावर अशी पूर्ण रचना होती. व्हॅन ॲलन प्रोब्स या उपग्रहजोडीवरील (2012–2019) आरबीस्पाइस या आयनमापकात विश्लेषक नव्हता.

सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचा निष्क्रिय थर जड आयनांची बरीच ऊर्जा गिळतो. त्यामुळे कमी ऊर्जेचा ऑक्सिजन नोंदीच्या उंबरठ्याखालीच राहतो. काही उपकरणांत म्हणूनच आयनांना आधी 20–30 किलोव्होल्टने प्रवेग देतात.

सर्वांत चिवट अडचण खोट्या जोड्यांची, म्हणजे योगायोगाने जुळलेल्या आरंभ आणि अंत संकेतांची. पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतले भेदक इलेक्ट्रॉन कवचातून थेट आत शिरतात. दारातले चुंबक फक्त कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना वळवते. आरंभ आणि अंत या दोन्ही बाजूंना सेकंदाला 1 लाख भटके संकेत येत असतील आणि वेळेची खिडकी 100 नॅनोसेकंदांची असेल, तर सेकंदाला सुमारे 1000 खोट्या नोंदी होतात. त्या सर्व उड्डाणकाळांत जवळपास सारख्या पसरतात, त्यामुळे मुळातच विरळ असलेल्या ऑक्सिजनची नोंद सर्वाधिक बिघडते. वेळेबरोबर ऊर्जेचाही संकेत आला तरच नोंद खरी धरली, तर हा दोष बराच घटतो. अतिनील प्रकाशही प्लेट उद्दीपित करतो. तो पापुद्र्याने अडवावा लागतो.

प्लेटची वर्धनक्षमता (संकेत मोठा करण्याची ताकद) वापराने घटते. वेळोवेळी उच्च विद्युतदाब थोडा वाढवून ती भरून काढतात. हे न केल्यास आयन कमी झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मात्र प्लेट थकलेली असते.