खांदेदुखीची प्रश्नावली: भाषांतर झालं, तरी पडताळणी का लागते?

उपचारानंतर रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद रुग्णालयाने ठेवलीच पाहिजे, हा आग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी धरला. त्यांचा खास अभ्यास खांद्याचाच. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नावही १९३४ साली त्यांनीच दिलं. पण पुढची कित्येक वर्षं मोजमाप राहिलं ते डॉक्टरांच्या हाती. खांद्याची स्थिती मोजणाऱ्या १९८७ च्या कॉन्स्टंट-मर्ली गुणपद्धतीतही शंभरपैकी ६५ गुण हालचाल आणि ताकदीच्या तपासणीला होते, रुग्णाच्या सांगण्याला ३५.

१९९१ मध्ये अमेरिकेत कॅथरिन रोच आणि सहकाऱ्यांनी ‘स्पाडी’ (शोल्डर पेन अँड डिसअ‍ॅबिलिटी इंडेक्स) ही खांदेदुखीची प्रश्नावली मांडली. तेरा प्रश्न, पाच वेदनेचे आणि आठ रोजच्या कामांचे. उत्तरं रुग्णाने स्वतः द्यायची. केस धुताना, बटणांचा शर्ट घालताना, उंच फळीवर वस्तू ठेवताना किती त्रास होतो? शेवटचा प्रश्न पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढण्याचा. पहिली चाचणी झाली ती ३७ पुरुष रुग्णांवर.

आता साडी नेसणाऱ्या बाईपुढे हा कागद ठेवा. तिला मागचा खिसाच नाही. तिचा खांदा दुखतो तो वेणी घालताना, पदर मागे टाकताना. तिने प्रश्न सोडला तर गुण उरलेल्या प्रश्नांवर काढतात, आणि पाठीमागे हात नेण्याची एक हालचाल हिशेबातून निसटते. भाषांतर अचूक असूनही!

म्हणून २००० साली डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली रीत बहुतेक ठिकाणी पाळतात: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ मजकूर न पाहिलेल्यांकडून उलट भाषांतर, तज्ज्ञ समिती, मग ३० ते ४० रुग्णांवर प्राथमिक चाचणी. २०१२ मध्ये आलेल्या ‘स्पाडी’च्या तमिळ आवृत्तीच्या अभ्यासात स्वतः रोच सहलेखिका होत्या.

खरी पडताळणी यानंतरची. तीच प्रश्नावली काही दिवसांनी पुन्हा भरून घेतात. मधलं अंतर इतकं हवं की आधीची उत्तरं विसरावीत, पण खांदा बदललेला नसावा. प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रोनबाखचा अल्फा या सांख्यिकी आकड्याने पाहतात. हा आकडा फार मोठा आला की अनेकांना आनंद होतो, पण तेव्हा एकच गोष्ट दोनदा विचारली जात असण्याची शंका घ्यायला हवी. सगळ्यात किचकट चाचणी म्हणजे उपचारानंतर झालेला फरक प्रश्नावली टिपते का हे पाहणं. त्यासाठी त्याच रुग्णांना आठवड्यांनंतर पुन्हा गाठावं लागतं, आणि माझ्या मते तिला सर्वाधिक वेळ द्यायला हवा.