परिचारिका भरती: एएनएम, जीएनएम, बीएस्सी यांपैकी कोणी कुठे अर्ज करावा आणि अर्ज बाद का होतात

ठाणे, नवी मुंबई महापालिकेची किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाची जाहिरात निघाली की एकाच छापाचे अर्ज सगळीकडे भरले जातात. छाननीत त्यातले बरेच गळतात आणि कारणे दरवेळी तीच असतात.

आधी पद बघा. दोन वर्षांचे एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका अभ्यासक्रम) केलेल्यांसाठी आरोग्यसेविका किंवा एएनएम हेच पद. प्रसूतिगृहात दहा वर्षे काढली असली तरी अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, जागेला तो अर्ज चालत नाही. फरक पगारात दिसतो: कायम पदावर एएनएमची वेतनश्रेणी 25,500 ते 81,100, अधिपरिचारिकेची 35,400 ते 1,12,400. अभियानातल्या जागा कंत्राटी, तिथे फक्त ठरलेले मानधन मिळते.

अधिपरिचारिकेसाठी जीएनएम (परिचर्या-प्रसविका पदविका) आणि बीएस्सी नर्सिंग (पदवी) दोन्ही चालतात. बीएस्सीचा खरा उपयोग केंद्राच्या भरतीत होतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतर करायची बीएस्सी) झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 30 आहे. राज्यातल्या 38 वर्षांच्या मर्यादेच्या भरवशावर राहून ती संधी हातची घालवू नका. कॉलेजात शिकवायचे असेल तर बीएस्सीवर ट्यूटरपर्यंतच मजल जाते, पुढे एमएस्सी हवीच.

आता जिथे घोडे अडते ते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात आणि चालू असायला हवी. निकाल लागला, गुणपत्रिका आली, परिषदेकडे अर्ज केल्याची पावतीही आहे, एवढ्यावर भागत नाही. पावती म्हणजे नोंदणी नव्हे. प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि भरतीची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून निकालाच्या आठवड्यातच परिषदेचा अर्ज टाका. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते. लग्न-बाळंतपणात नोकरी सोडलेल्यांची मुदत नेमकी त्या काळात उलटते आणि ते छाननीच्या टेबलावर कळते. बंगळूर, मंगळूरला शिकून आलेल्यांनी तिथल्या कौन्सिलकडून ना हरकत घेऊन नोंदणी इकडे आणावी. दोन कौन्सिलांचा पत्रव्यवहार आपल्या घाईने चालत नाही, त्यामुळे जाहिरातीची वाट बघू नका.

दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. 'सिस्टर आमच्याकडे काम करत होत्या, वागणूक चांगली' असला कागद रद्दीत जातो. लेटरहेडवर जावक क्रमांक, पदाचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, खाटांची संख्या, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि अधीक्षकांची सही-शिक्का एवढे हवे. नोंदणीच्या आधीचे महिने सहसा धरत नाहीत. काही जाहिरातींत फक्त शासकीय किंवा निमशासकीय अनुभवालाच गुण असतात. ती ओळ तळाशी बारीक अक्षरात छापलेली असते, कारण ठळक छापली तर लोकांना कळेल ना! छोटी नर्सिंग होम नोकरी सोडल्यावर दाखला द्यायला टाळाटाळ करतात, तेव्हा राजीनाम्याबरोबरच तो मागून घ्या.

तिसरी, नाव. दहावीच्या सनदेवर माहेरचे, आधारवर सासरचे, नोंदणीवर भलतेच. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडा. साधे प्रतिज्ञापत्र प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही.

ओबीसी वगैरेंनी नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासावी. ती 31 मार्चला संपते आणि जाहिरात एप्रिल-मेमध्ये आली की जुना दाखला कुचकामी ठरतो. दाखला कुठून काढायचा यातही गोंधळ होतो: वाशी, ऐरोली, नेरूळ ठाणे तालुक्यात येतात, खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्ता नवी मुंबईचा म्हणून खारघरच्या मुली ठाण्याला खेटे घालतात.

अधिवास दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, गुणपत्रिका, फोटो-सही या गोष्टी नेहमीच्याच. गुणपत्रिकांत नापास झालेल्या प्रयत्नाचीही जोडा, काही ठिकाणी मागतात. शुल्क मात्र शेवटच्या रात्री भरू नका. पैसे खात्यातून जातात, पावती निघत नाही, आणि हेल्पलाइन सकाळी दहाला उघडते.