छज्ज्याखालचं कागदी घर

बोरिवलीच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्जाला यंदा मार्चमध्ये गांधीलमाश्यांनी घरटं लावलं. तेव्हा ते जुन्या आठ आण्याएवढं होतं. पाच खण आणि त्यावर दोन माश्या. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, “अगं, वाट कसली बघतेस? जुनं फडकं पेटवून धर खालून. माझा नातू येतो सुट्टीत.” त्यांची काळजी खरीच होती. पण घरटं कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी होतं आणि माझ्याकडे शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स होती, अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी. मी काकूंकडे पावसाळ्यापर्यंतची मुदत मागितली.

पहिल्याच फोटोत जे दिसलं ते नुसत्या डोळ्यांना कधीच दिसलं नसतं. खणाची भिंत एकरंगी नव्हती. तिच्यात बारीक पट्टे होते, एक राखाडी, त्याखाली तपकिरी, मग पुन्हा फिकट राखाडी. आमच्या मागच्या जिन्याची लाकडी खिडकी उन्हापावसाने करडी पडली आहे. तिथे एक माशी चौकटीला तोंड लावून हळूहळू मागे सरकताना मला दिसली. ती सरकली की मागे फिकट रेघ उरायची. जबड्याने लाकडाचे तंतू खरवडायचे, लाळेत कालवून त्यांची गोळी करायची, घरट्यावर नेऊन ती भिंतीच्या कडेला पातळ थापायची. वाळलं की कागद. प्रत्येक पट्टा म्हणजे एक खेप, आणि लाकूड बदललं की रंग बदलतो. फ्रान्सच्या रेओम्युर या निसर्गअभ्यासकाने हेच पाहून 1719 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे सुचवलं होतं की कागद लाकडापासून करता येईल. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून व्हायचा.

घरट्याचा फोटो काढताना बहुतेक जण माशीवर फोकस करतात आणि देठ फोटोच्या चौकटीबाहेर सोडतात. मला ते पटत नाही. सगळं घर ज्याला टांगलेलं असतं तो काळपट, चकचकीत देठ म्हणजे या घराचा दरवाजा आहे. मुंग्यांना अळ्यांपर्यंत पोचायचं तर त्याच एका वाटेने यावं लागतं. माश्या पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतला स्राव त्या देठावर चोळत राहतात आणि मुंग्या त्या वासाने मागे फिरतात. आमच्या छज्जावरून काळ्या मुंग्यांची रांग रोज जायची, ती देठापाशी वळसा घ्यायची. तो वळसा दिसतो तो फोटो माझ्या संग्रहात मला सगळ्यात जवळचा आहे.

आता थोडं यंत्राबद्दल. माशी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, जिवंत आकाराएवढी उमटवायची, तर या लेन्सच्या तोंडापासून तिच्यापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) f/11 इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर होतात. अॅपर्चर आणखी बारीक करून उपयोग नाही, प्रकाश फाकतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. मी म्हणून अर्ध्या आकारावर काम करते. अंतर जवळपास दुप्पट मिळतं, स्पष्ट भाग चार मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि फोटो नंतर कापून घेता येतो. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावला की चकचकीत पाठीवरचा पांढरा डाग जातो. कॅमेरा माशीच्या कुशीला समांतर धरला तर डोक्यापासून पोटापर्यंत सगळी एका पातळीत येते.

पण किती जवळ जायचं हे लेन्स ठरवत नाही, माश्या ठरवतात, आणि त्या आधी सांगतात. पहिली खूण म्हणजे सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे वळतात. मग पंख अंगापासून सुटून वर उचलले जातात. मग पुढचे पाय हवेत येतात. पहिल्या खुणेलाच थांबायचं, दुसरीला मागे सरायचं. त्यांना सगळ्यात जास्त खुपतो तो हादरा आणि आपला श्वास. एप्रिलमध्ये माझ्या ट्रायपॉडचा पाय ग्रिलला लागला, ग्रिल थरथरलं आणि मनगटावर दोन डंख बसले. डंख म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप, त्यामुळे तो फक्त माद्यांना असतो. मधमाशीच्या नांगीसारखा तो कातडीत अडकून तुटत नाही, एकच माशी पुन्हा पुन्हा चावू शकते. बर्फ लावून माझं भागलं. ज्यांना पूर्वी कीटकदंशाने सगळ्या अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, त्यांनी हा नाद अजिबात करू नये. तसं काही झालंच तर घरगुती उपाय करत न बसता थेट हॉस्पिटल गाठावं.

एप्रिलअखेर माश्या चौदा झाल्या आणि मला राणी शोधायची होती. मधमाश्यांत ती आकाराने वेगळी असते. आपल्याकडच्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं या माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावून एकेकीचा दिनक्रम टिपला. त्यांना दिसलं की या जातीची राणी कुणाला मारत नाही, दटावत नाही, उलट घरट्यातली शांत माशी म्हणून वावरते. पोटाचं टोक घरट्यावर घासून ती आपला वास तिथे ठेवते आणि त्या वासावरून बाकीच्यांना ती असल्याचं कळतं. तिला उचलून बाजूला केलं, की कामकऱ्यांपैकी एक जण थोड्याच वेळात एकदम आक्रमक होते. राणी परत ठेवली तर ती निवळते. नाही ठेवली तर साधारण आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते.

मी ठिपके लावले नाहीत. एका दुपारी एक माशी उलटी होऊन पोट रिकाम्या खणात घालून काही मिनिटं निश्चल बसलेली दिसली. फोटो मोठा करून पाहिला, तर तिच्या उजव्या पंखाच्या कडेला छोटी खाच होती. ती उठून गेल्यावर खणाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटलेलं पांढरं अंडं होतं. त्यानंतर रोज मी ती खाच शोधायचे. बाकीच्या माझ्या लिंबाच्या कुंडीवरून अळ्या पकडून आणायच्या. अळी चावून चावून हिरवी गोळी झालेली असायची, दोघी-तिघी ती वाटून घ्यायच्या आणि खणाखणात तोंड घालून पिल्लांना भरवायच्या. स्वतः त्यातलं घट्ट काही खाऊ शकत नाहीत, कंबरच इतकी बारीक असते. मे महिन्यात भर दुपारी एसीच्या नळीचं थेंब थेंब पाणी पिऊन यायच्या, ते खणांवर ठेवायच्या आणि पंखांनी वारा घालायच्या. खाचवाली मात्र बहुतेक वेळ घरट्याच्या मागच्या बाजूला गप्प बसलेली. काकूंचा नातूही तोवर आला होता. रोज संध्याकाळी तो आमच्या खिडकीतून, काचेआडून, किती खण झाले ते मोजायचा. त्याने शेवटचा आकडा सांगितला तो 61.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी खिडकीपाशी मोठा घूंऽऽ आवाज आला. काळपट, अंगठ्याएवढी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील घरट्यावर उतरली होती. ही व्हेस्पा ट्रॉपिका, लहान गांधीलमाश्यांची अळ्या-कोशांची शिदोरी लुटणं हीच तिची रीत. घरच्या सगळ्या माश्या मला डसू शकतात, पण तिच्यापुढे छज्जाच्या कडेला सरकून घोळक्याने बसल्या. तिने कोशांची पांढरी झाकणं एकेक फाडली, अळ्या ओढून काढल्या, चावून गोळी केली, नेली, परत आली. दोन दिवस खेपा चालल्या. मी फोटो काढत होते आणि माझे हात थरथरत होते. त्यातले बरेच हललेले आहेत.

चौथ्या दिवशी जुन्या घरट्यापासून हातभर अंतरावर एक नवा देठ होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या टोकाला एकच खण, अजून अर्धाच उभारलेला, ओलसर राखाडी. आत अंडं. वर बसलेल्या माशीच्या उजव्या पंखाला खाच होती.