हवाई अंतर आणि उड्डाणवेळ (नवी मुंबई विमानतळ)

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेची लांबी. उड्डाणवेळ म्हणजे विमानाला तेवढा प्रवास करायला लागणारा वेळ. अंतर बदलत नाही, वेळ मात्र रोज थोडा बदलतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजता येत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते गणिताने काढतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की हाच मार्ग दिसतो. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

उलवे-पनवेल परिसरातील लोकनेते दि. बा. पाटील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून तो सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटरवर आहे. दिल्ली मात्र दोन्हींपासून जवळपास सारखीच लांब, सुमारे १,१४० किलोमीटर. नवी मुंबई थोडी दक्षिणेला आहे, पण पूर्वेलाही आहे, त्यामुळे हिशोब जुळतो. म्हणून कोणते विमानतळ निवडायचे हे आकाशातल्या अंतरावर ठरत नाही, ते घरापासूनच्या रस्त्यावर ठरते. खारघर-पनवेलकरांना उलवे सोयीचे, हे उघडच आहे. ठाण्यातून निघणाऱ्याने मात्र त्या दिवशीची वाहतूक बघूनच ठरवावे.

ताशी ८३० किलोमीटर वेगाने १,१४० किलोमीटर कापायला साधारण १ तास २२ मिनिटे पुरतात. तरी तिकिटावर दोन तासांहून जास्त वेळ छापलेला असतो. यात लपवाछपवी काही नाही. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून मुक्कामी पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान मागे ढकलून बाहेर काढणे, धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, हे सारे त्यात आले. शिवाय चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. नवी मुंबईची ३,७०० मीटरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे दिल्लीचे विमान उडाल्यावर उत्तरेकडे वळण घेऊनच वाटेला लागते. उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागल्या तर आणखी भर पडते. छोट्या मार्गांवर प्रवासाचा मोठा भाग या चढ-उतारातच जातो, म्हणून अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही.

वाऱ्याचा परिणाम पूर्व-पश्चिम मार्गांवर ठळक दिसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. कोलकात्याला जाताना तो पाठीशी असतो, परतताना समोरून येतो. जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो तो यामुळेच. शेजारी देशाने हवाई हद्द बंद केली तर वळसाही घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला.

तिकिटावरची निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालते. सकाळी १० ला निघून तिथल्या ११.३० ला पोहोचणारे विमान प्रत्यक्षात तीन तासांचा प्रवास करते. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना वेळ कळवताना ती तिथल्या घड्याळाचीच सांगावी.