नाण्याचा फोटो: कॅमेरा नको, दिवा हलवा

व्हिक्टोरिया राणीचे १८६२ साल छापलेले चांदीचे रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. साल तेच राहिलं, बदलत गेले ते नाण्यावरचे बारीक ठिपके. म्हणून एखाद्याने फोटो पाठवून ‘हा रुपया नेमका कधीचा?’ असं विचारलं, की सगळी भिस्त त्या ठिपक्यांवर असते. आणि बहुतेक फोटोंत नेमके तेच पांढऱ्या चकाकीत बुडालेले असतात. फार हळहळ वाटते, कारण फोन चांगला असतो, हातही स्थिर असतो. चुकलेला असतो तो उजेड.

चांदी तिच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवते. नाण्याची सपाट जागा म्हणजे आरसाच. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. फ्लॅश लेन्सला खेटून असल्यामुळे त्याचा प्रकाश सपाट भागावरून थेट लेन्समध्ये शिरतो. चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावा, असं अनेक जण सुचवतात. काच किंवा पाण्यावरून तिरप्या कोनात परतणारा प्रकाश बराचसा ध्रुवीकृत होतो, म्हणजे एकाच दिशेने कंप पावतो, तिथे हा फिल्टर छान चालतो. उघड्या धातूच्या बाबतीत मात्र तसं फारसं होत नाही, त्यामुळे नुसता लेन्सवर चढवलेला पोलरायझर इथे जवळपास निरुपयोगी ठरतो.

तेव्हा फोन स्टँडवर पक्का बसवा, फ्लॅश बंद करा आणि टेबललॅम्प हातात घेऊन नाण्याभोवती फिरवत स्क्रीनकडे बघत राहा. झिजलेली तांब्याची शिवराई असेल तर दिवा अगदी खाली, टेबलालगत आणा. तिरप्या उजेडात केसाएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारं ‘श्री राजा शिव’ हळूहळू उमटू लागतं. हे स्वतः बघण्यात जो आनंद आहे, तो प्रत्येक संग्राहकाने घ्यावा. चकचकीत रुपयाला याच्या उलट, दिवा बराच वर आणि मध्ये ट्रेसिंग पेपर. आरशासारखं प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी खास झळाळी देऊन पाडलेलं) असेल तर लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये साधी काच ४५ अंशांत धरा आणि बाजूने उजेड टाका. काच थोडा प्रकाश सरळ खाली नाण्यावर पाठवते, तो परतताना काचेतूनच लेन्सपर्यंत पोहोचतो; सपाट भाग उजळतो, उंचवट्यांच्या कडा गडद होतात.

उजेड फोटोच्या वरच्या बाजूनेच यायला हवा. आपला मेंदू प्रकाश वरूनच येतो असं धरून चालतो. दिवा फोटोच्या खालच्या बाजूला असला तर राणीचा उठावदार चेहरा खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो.

नाणं थोडंही तिरकं असलं की एक कड धूसर होते. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटरच्या) सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी पाडली, तर लेन्सचं छिद्र एफ/८ या मापाचं असताना स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. छिद्र आणखी बारीक केलं तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा काटकोनात आला. मग आरसा उचलून तिथेच नाणं ठेवा. बोट लागून हादरा बसू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. फोन फार जवळ नेऊ नका, त्याची सावली पडते; थोडं लांबून २एक्स झूम बरा.

फोटो छान यावा म्हणून चिंच-मीठ किंवा पावडर लावून नाणं घासणारे आजही भेटतात. कृपा करून असं करू नका. वर्षानुवर्षं चढलेला तो काळसर-तपकिरी थर निघून गेला की परत येत नाही, त्या जागी बारीक ओरखडे राहतात, आणि तिरप्या उजेडात सगळ्यात आधी तेच दिसतात.