अ‍ॅबिलीन: गुरांच्या आधीचं आणि नंतरचं

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं अ‍ॅबिलीन म्हटलं की काउबॉय, दारूचे गुत्ते आणि १८७१ साली तिथे मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, असलेला वाइल्ड बिल हिकॉक, एवढंच आठवतं. पण गुरांचा तो प्रसिद्ध बाजार जेमतेम पाच हंगाम चालला. गाव डिकिन्सन काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, मुख्यालय झालं ते तो सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी, आणि माझ्या मते ते टिकलंही त्याच जोरावर.

हा मुलूख मुळात कॉ लोकांचा. कॅन्सस हे नावही त्यांच्याच जमातीवरून पडलेलं. १८४६च्या करारात इथली जमीन त्यांच्या हातून गेली आणि १८५४ मध्ये कॅन्सस वसाहतीसाठी खुलं झालं. १८५७ मध्ये टिमथी हर्सी याने मड क्रीक ओढ्याकाठी ओंडक्यांचं घर बांधलं. पश्चिमेकडे जाणाऱ्या घोडागाड्या तिथे थांबत, उतारूंना जेवण मिळे. त्याची बायको एलायझा हिने बायबलमधून, लूकच्या शुभवर्तमानातून, गावाचं नाव निवडलं.

१८६० मध्ये चार्ल्स थॉम्पसनने ओढ्याच्या पूर्वेला प्लॉट पाडले. गाव कागदावर उतरलं, माणसं मात्र नव्हती. अशा वेळी मुख्यालयाचा मान फार मोलाचा असे. कोर्ट, जमिनीच्या नोंदी, करवसुली, तुरुंग हे सगळं तिथेच. म्हणजे काउंटीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला कधी ना कधी तिथे खेटे घालणं भाग. प्लॉटचे भाव त्यावरच ठरत. १८६१ मध्ये निवड व्हायची होती आणि शेजारची गावंही दावा सांगत होती. आपलं गाव भरलेलं दिसावं म्हणून थॉम्पसनने घाईघाईने काही झोपड्या उभ्या केल्या, असं सांगतात. अ‍ॅबिलीन जिंकलं. पुढे याच राज्यात सिमरॉन आणि इंगॉल्स या दोन गावांमध्ये काउंटीचं दप्तर पळवण्यावरून १८८९ मध्ये गोळीबार झाला. त्यामानाने इथलं प्रकरण स्वस्तात निभावलं.

१८६७ मध्ये रेल्वे आली, तेव्हाही गावात ओंडक्यांची डझनभर घरं होती, बहुतेकांची छपरं मातीची. इलिनॉयचा व्यापारी जोसेफ मॅकॉय याने टेक्सासहून हाकत आणलेली गुरं रेल्वेत चढवण्यासाठी नेमकं हेच गाव हेरलं: पाणी होतं, गवत होतं आणि गुरांना हरकत घेणारे शेतकरी फारसे नव्हते. टेक्सासची गुरं गोचिडीतून ताप पसरवत, म्हणून कायद्याने त्यांना या भागात बंदी होती; तिकडे सोयीस्कर काणाडोळा झाला. मॅकॉयने गुरांचे वाडे आणि ‘ड्रोव्हर्स कॉटेज’ हे तीन मजली हॉटेल उभारलं. ५ सप्टेंबरला २० डबे गुरं घेऊन पहिली गाडी निघाली.

तुडवलेली पिकं, मरणारी घरची जनावरं आणि रोजची दंगल यांना कंटाळून १८७२च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांनीच टेक्सासच्या व्यापाऱ्यांना पत्रक काढून कळवलं: इकडे पुन्हा येऊ नका. बाजार एल्सवर्थ आणि विचिटाकडे सरकला, दुकानांना टाळी लागली. काउंटीचं दप्तर मात्र तिथेच राहिलं. गावाचा पहिला महापौर टी. सी. हेन्री याने हिवाळी गव्हाचा ध्यास घेतला आणि कुरणं नांगराखाली आली. १८७९च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून रिव्हर ब्रेदरन पंथाची शेतकरी कुटुंबं इथे येऊ लागली. त्यांपैकीच एक आयझेनहॉवर. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट याच गावात वाढला.