एका डिस्कच्या रक्षणाला किती डिस्क?

डिस्क कधीतरी बंद पडणार, हे पहिल्यापासून सर्वांना ठाऊक होतं. प्रश्न होता तो खर्चाचा. १९७० च्या दशकात टँडम कंपनीच्या 'नॉनस्टॉप' संगणकांनी सरळ मार्ग धरला: तीच माहिती दोन डिस्कांवर लिहायची. यालाच मिररिंग म्हणतात. भरवसा मिळाला, पण डिस्कांचा खर्च दुप्पट झाला.

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड'चा, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीचा, शोधनिबंध मांडला. आयबीएमच्या ३३८० सारख्या महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या स्वस्त छोट्या डिस्कांचा ताफा वापरा, असं त्यांचं म्हणणं. अडचणही त्यांनीच दाखवली: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी एक जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! जादा डिस्क ठेवल्याशिवाय ही स्वस्ताई कामाचीच नव्हती. म्हणून पॅरिटी आली, म्हणजे सगळ्या डिस्कांवरच्या माहितीवरून गणिताने काढलेली पडताळणीची नोंद: दहा डिस्कांमागे एकीएवढीच जादा जागा, आणि एक गेली तर उरलेल्यांवरून तिची माहिती पुन्हा काढता येते.

इथे बरेच जण फक्त डिस्का मोजतात, आणि मला ती मोठी चूक वाटते. पॅरिटीत एक छोटा बदल लिहायला चार कामं पडतात: जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. मिररिंगमध्ये दोनदा लिहिलं की झालं. सतत छोटे बदल होणाऱ्या डेटाबेसला म्हणूनच 'महाग' मिररिंग अनेकदा स्वस्त पडलं.

पुढे डिस्का फुगल्या, वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. १० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरायची तर सुमारे १४ तास लागतात. तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. त्यामुळे दोन डिस्का गेल्या तरी माहिती वाचवणारी दुहेरी पॅरिटी, म्हणजे रेड ६, रुळली.

गूगलने २००३ मध्ये मांडलेली फाइल सिस्टिम तर सहसा तीन प्रती ठेवत होती; जागा तिप्पट. ती वाचवायला मोठ्या डेटा सेंटरांनी इरेजर कोडिंग स्वीकारलं: माहितीचे तुकडे करायचे आणि त्यांना गणिताने काढलेले थोडे जादा तुकडे जोडायचे. त्याच्या मुळाशी असलेलं रीड-सॉलोमन गणित १९६० चं. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर या क्लाउड सेवेने २०१२ मध्ये १२ तुकड्यांना ४ जादा तुकडे जोडले, जागा १.३३ पट. शिवाय हरवलेला माहितीचा एखादा तुकडा परत मिळवायला १२ ऐवजी ६ तुकडेच वाचावे लागले.